म्हाताऱ्याची दवा

दोहा, १२ जानेवारी १९६२, शुक्रवार

जुम्याची नमाज आज बसून अदा करावी लागली. गुडघ्याने साफ नकार दिला. घरी आल्यावर सकीनाने रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती गुडघ्याखाली सरकवली. ही पिशवी जुबेदाच्या निकाहात व्याह्यांनी दिलेली, त्यांच्याच मुंबईच्या कारखान्यातली. बाहेर शमाल वारा सुटला आहे. डोळ्यांत वाळू.

टपालाने व्याही दाऊदशेठ यांचे पत्र. विलायती कंपनीचा दावा अखेर साक्षीपर्यंत आला. कंपनीचे म्हणणे असे की, उन्हाने रबराला भेगा पडू नयेत म्हणून जी भुकटी घालतात तिचे पेटंट १९५४ पासून आमचे. तुम्ही ती चोरून घालता. व्या. म्हणतात, आम्ही त्याआधीपासून उघड घालत आलो, मग पेटंट कसले? परंतु जुने कागद गोदामाच्या आगीत गेले. सांगू शकेल असा एकच मनुष्य उरला आहे, कादरमियाँ. त्या काळी रोलरवर रबर कालवण्याचे काम त्याचे होते. आता तो येथे दोह्यात, मुलापाशी. बोटीचा प्रवास त्याला झेपणार नाही, म्हणून कोर्टाचा कमिशनर इकडे येऊन साक्ष घेणार. कादरमियाँला आपल्या कोकणीखेरीज भाषा नाही. दुभाषा म्हणून माझे नाव दिले आहे.

पत्राच्या अखेरीस: ‘दावा गेला तर खालच्या कारखान्याला कुलूप, आणि वरच्या घरालाही.’

वरच्या घरात जुबेदा राहते. सकीनाने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

१६ जानेवारी, मंगळवार

असरची नमाज झाल्यावर सूक बाजारामागच्या गल्लीत कादरमियाँकडे. मुलगा रुवैसच्या बंदरात लाँचींच्या दुरुस्तीवर, आठवड्याने येतो. म्हातारा दारातच उन्हात बसला होता. माझ्याहून वडील, परंतु मला ‘बाबा’ म्हणतो.

“या मुनशीबाबा. कोरटात नेनार म्हनं मना. मी काय मुडदा केला?”

म्हटले, मुडदा नव्हे, रबराचे काम आहे. रबरात काय काय घालीत होता, तेवढे सांगायचे.

“दवा घालायचो.”

कोणती दवा?

“पांडरी दवा, पिवळी दवा, घाईची दवा. नि म्हाताऱ्याची दवा.” डब्यावर नाव नसे. शेठ सांगेल त्या डब्यातले वाडगे भरून ओतायचे.

म्हाताऱ्याची दवा म्हणजे कोणती, असे विचारले. हसला. नवी कवळी बसवली आहे, ती दिसावी म्हणून अंमळ अधिकच हसतो. म्हणाला, “रबर म्हातारा व्हऊ नये म्हनून घालायची ती.”

परत येताना पाय हलके वाटले. हेच तर हवे होते.

२१ जानेवारी, रविवार

झोप नाही. ‘म्हाताऱ्याची’. या षष्ठीत किती अर्थ बसतात! गावच्या मराठी शाळेत मी मुलांना विभक्ती शिकवीत असे तेव्हा ‘खोकल्याचे औषध’ आणि ‘मुलाचे औषध’ हे दोन प्रयोग फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे. खोकल्याचे औषध खोकला घालवते. मुलाचे औषध मुलाला घालवीत नाही.

सकीनाला हे सांगितले. ती सुपारी कातरीत होती.

“अवो, तो म्हणाला ना, म्हातारा होऊ नये म्हणून? मग तुमचा फळा कशाला काढताय?”

खरे आहे. तथापि एकदा पुन्हा विचारून ठेवावे.

३० जानेवारी, मंगळवार

विचारले; विचारले नसते तर बरे झाले असते.

आज कादरमियाँ म्हणाला, म्हाताऱ्याची दवा जुन्या टायरांच्या चुऱ्यात घालीत. तो चुरा वाळक्या भाकरीसारखा. दवा घातल्याशिवाय रोलरवर बसत नसे. म्हणजे जुन्या रबराला मऊ करण्याची दवा. ती निराळी वस्तू. तिच्याशी कंपनीच्या पेटंटचा काडीमात्र संबंध नाही, आणि व्याह्यांना तिचा काडीमात्र उपयोगही नाही.

मी म्हटले, कादरमियाँ, मागे तर तुम्ही म्हणालात, म्हातारा होऊ नये म्हणून?

“तवा तसं आठवलं, आता असं आठवतंय. तुमी रोज येताव, रोज तेच इचारताव. चाय घ्या.”

लबाडी नाही त्याच्यात. डोक्यात दोन्ही डबे एकाच फळीवर ठेवलेले आहेत, एवढेच.

घरी सांगितले नाही.

४ फेब्रु., रविवार

काल बोटीने दोन्ही बाजू उतरल्या: कोर्टाचे कमिशनर (तरुण बॅरिस्टर, उन्हाने लाल झालेले), कंपनीचे वकील, आणि आपले दिघे वकील. दिघे आज घरी आले. सकीनाने सांदणे केली होती. ते चवीने खात होते आणि मला कायदा समजावीत होते.

“मुन्शीजी, तो ‘म्हाताऱ्याची दवा’ म्हणाला की तुम्ही इंग्रजीत ‘अँटी-ऑक्सिडंट’ म्हणा. खलास.”

म्हटले, साक्षीदाराने तो शब्द उच्चारला तर म्हणेन.

“अहो, तो कसा उच्चारील? म्हणून तर दुभाषा लागतो!”

मग कादरमियाँच्या दुसऱ्या उत्तराविषयी त्यांना सांगितले. घास हातात राहिला. म्हणाले, हे माझ्याशी बोललात ते बोललात, आता विसरा. साक्ष कोर्टापुढची तेवढी खरी. मग उसासा टाकून म्हणाले, पेटंटच्या आधीचा जुना माल मिळता तर रसायनशाळेत तपासून एका दिवसात निकाल लागला असता. परंतु रबर कोण जपून ठेवतो?

ते गेल्यावर सकीना भांडी आवरू लागली. सर्व तिने आतून ऐकले होते.

५ फेब्रु., सोमवार

चंद्रदर्शन झाले. उद्या पहिला रोजा. साक्ष गुरुवारी; कमिशनरांची परतीची बोट शनिवारी, त्यामुळे रमजान टळत नाही.

मगरिबची नमाज झाल्यावर कादरमियाँ मशिदीच्या पायरीवर भेटला. त्याला शंका: “रोज्यात कवळी चालते काय, बाबा? रातची त्यात भात अडकून ऱ्हातो.”

उत्तर विचारपूर्वक दिले. कवळीने रोजा तुटत नाही. तथापि मनात शंका राहत असेल तर दिवसा काढून ठेवावी, सावधगिरीत हानी नाही. त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत लोक मला असे प्रश्न विचारतात, आणि मी असेच, कोणाला पुढे पश्चात्ताप होऊ नये अशा बेताने सांगत आलो.

६ फेब्रु., मंगळवार

पहिला रोजा. अंग जड. दुपारी पडून राहिलो. कुराणाची तिलावत करताना ओळी हलत होत्या.

बालपणी मदरशात ऐकलेले एक वचन सारखे मनात येते: प्रत्येक व्याधीला दवा उतरली आहे, वार्धक्य वगळून. मौलवीसाहेब हे सांगत तेव्हा आम्ही पोरे हसत होतो. आणि येथे दोन कारखाने भांडत आहेत, वार्धक्याची दवा कोणाची म्हणून.

८ फेब्रु., गुरुवार

झाले.

व्यापारी पेढीच्या वरच्या खोलीत सकाळी बसलो. सुरुवातीलाच उभे राहून मी सांगितले, प्रतिवादी माझे व्याही आहेत. माझी मुलगी त्यांच्या घरात आहे. हरकत असेल तर आताच घ्यावी. कमिशनर कंपनीच्या वकिलांकडे पाहू लागले. ते उतारवयाचे, शांत गृहस्थ. म्हणाले, “मी बाजारात चौकशी केली आहे. हे गृहस्थ रोजा ठेवून खोटे बोलणार नाहीत. माझी हरकत नाही.”

शत्रूचा विश्वास. त्या क्षणी दिघ्यांची शिवी परवडली असती.

पवित्र ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली. कादरमियाँला आणले. तो खुर्चीत बसला, तोंड उघडले. तोंडात एकही दात नव्हता. कवळी घरी, वाडग्यात.

दिघ्यांनी विचारले, पेटंटच्या आधी रबरात काय घालीत होता? “दवा.” कोणती? “म्हाताऱ्याची.” मी इंग्रजीत शब्दास शब्द दिला: म्हाताऱ्याची दवा. दिघ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे.

कंपनीचे वकील: म्हातारा कोण?

कादरमियाँ: “रबर. नि आता मी.” कमिशनरसुद्धा हसले.

मग त्या वकिलांनीच विचारले, ती दवा घातल्याने रबराचे काय होत असे?

कादरमियाँ म्हणाला, “नरम”, आणि पुढचा शब्द.

आपल्या बोलीत ‘ऱ्हायचा’ आणि ‘व्हायचा’. नरम ऱ्हायचा म्हणजे जो नरम आहे तो नरमच टिकायचा: म्हणजे व्याह्यांची भुकटी, दावा जिंकला. नरम व्हायचा म्हणजे कडक होता तो मऊ पडायचा: म्हणजे टायरांचा चुरा, दावा गेला. दात नसलेल्या तोंडातून हे दोन शब्द एकच वारा होऊन आले. मी कान देऊन ऐकले. अल्लाह साक्षी आहे, मला कळले नाही.

सर्व माझ्या तोंडाकडे पाहत होते. ‘टिकायचा’ म्हटले असते तर त्या खोलीत मला खोटा ठरवणारे कोणी नव्हते. जुबेदा डोळ्यांपुढे आली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी, जिथून खालच्या रोलरांची घरघर ऐकू येते.

म्हटले, शब्द स्पष्ट ऐकू आला नाही. साक्षीदाराला पुन्हा विचारावे.

पुन्हा विचारले. पुन्हा तोच वारा. कमिशनर मला म्हणाले, दोहोंपैकी कोणता? मी म्हणालो, या तोंडातून दोन्ही शब्द सारखेच येतात. मी निवड केली तर ती साक्ष माझी होईल, त्याची नव्हे.

तेव्हा कंपनीच्या वकिलांनी प्रश्नच फोडून विचारला: मऊ रबर मऊ टिकत असे, की कडक रबर मऊ होत असे? मी भाषांतर केले. कादरमियाँ वैतागला. उपाशी, त्यात खोली तापलेली.

“दोनी! अवो, नरम झाल्याबिगर नरम ऱ्हाईल कसा?”

ते तसेच लिहून घेतले. साक्ष संपली.

जिन्यात दिघे एवढेच म्हणाले, “कान नव्हता, मुन्शीजी, की मन नव्हतं?”

९ फेब्रु., शुक्रवार

मशिदीत गेलो नाही. गुडघा.

दुपारी कपडे वाळत घालताना सकीना बोलली, माझ्याकडे पाठ करून:

“दात काढायला त्याला कोणी सांगितलं?”

म्हटले, सक्ती केली नव्हती. शंका असेल तर काढावी, असे म्हणालो होतो.

“तुमी ‘असेल तर’ म्हणताव, लोक हुकूम समजतात. चालतं म्हणाला असताव नि गप्प बसला असताव, तर त्याच्या तोंडात दात असते. तुमची सावधगिरी! तिच्यापायी लेक रस्त्यावर.”

फतवा बरोबर होता. त्याला एक शेपूट जास्त होते.

२० फेब्रु., मंगळवार

व्या. दाऊदशेठ यांचे पत्र. मायना नाही. ‘दुभाषा म्हणून परका मागितला असता तर त्याने उपकार केले असते.’ एवढेच, खाली सही.

त्याच पाकिटात जुबेदाची चिठ्ठी. अब्बा, इथे सर्व ठीक आहे. सासरे जेवताना बोलत नाहीत. मला कोणी काही म्हणाले नाही. तुम्ही गुडघा शेकता ना? धाकटीला पाढे येऊ लागले.

‘मला कोणी काही म्हणाले नाही’ हे वाक्य तिने का लिहिले? जिला खरोखर कोणी काही म्हणत नाही, ती असे लिहीत नाही.

२६ फेब्रु., सोमवार

इफ्तारला खजूर आणि पाणी. पुढे काही गेले नाही. रात्री तरावीहची नमाज अर्धी बसून. इमामांचा आवाज चांगला आहे. मन मात्र दोन क्रियापदांत अडकलेले. राहणे आणि होणे. एवढे वय झाले, कोणते क्रियापद माझे, तेही सांगता येत नाही.

८ मार्च, गुरुवार. ईद

नमाज उभ्याने झाली. अल्हम्दुलिल्लाह.

कादरमियाँ गळाभेटीला आला. नवा सदरा, तोंडात कवळी. सकीनाने शीरखुर्मा पुढे ठेवला आणि वाटी हातात देण्याआधीच विचारले, “चाचा, आता सांगा. रबराचं काय व्हायचं?”

“नरम ऱ्हायचा,” तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत. सकीनाने माझ्याकडे असे पाहिले की जणू तीच बॅरिस्टर.

मग तो चमचा चाटून म्हणाला, “दिघे वकील जाताना समजावून गेला ना. बराबर बोललो की नाय?”

सकीना आत गेली.

गुडघ्याखाली पिशवी होती. कादरमियाँने ती ओढून घेतली, गळ्याकडे बोटाने दाबून पाहिली, उलटी केली. तळाशी साच्याचा ठसा आहे. इतकी वर्षे मी तो नक्षी समजत होतो. त्याने मला वाचायला लावला. कारखान्याचे नाव, आणि साल १९५२.

“माज्याच हातची असंल. अजून फुटली नाय?”

म्हटले, हिवाळ्यापुरती वापरतो. एरवी कापडात गुंडाळून पेटीत असते. म्हणून टिकली असेल. किंवा तुमच्या दवेमुळे.

“ते मना कसं ठाव? फाडून बघा.” आणि दुसरी वाटी मागितली.

१० मार्च, शनिवार

जुना माल कोण जपून ठेवतो, असे दिघे याच खोलीत म्हणाले होते. पिशवी तेव्हा माझ्या मांडीखाली होती.

कालपासून तिच्याकडे पाहतो आहे. हिच्यात ती भुकटी निघाली तर पेटंट गेले, जुबेदाचे घर राहिले. निघाली नाही तर व्याह्यांचा दावा तेथेच संपला, आणि तो संपवणारा मुलीचा बाप. ती पेटीत परत ठेवली तर कोणालाच काही कळणार नाही. साक्षीच्या दिवशीही कळणार नव्हते.

दिघ्यांकडे पाठवली तर ते आधी गुपचूप तपासतील, आणि हवे ते निघाले तरच पुढे करतील. पाठवायची तर कमिशनरांकडे, आणि दोन्ही वकिलांना तशी एकाच मजकुराची पत्रे. सकीनाला हे सांगितले.

“काही निघालं नाही तर?”

तर नाही निघाले.

“जुबेदाला काय लिहाल?”

तेच.

ती दारापर्यंत गेली. मग म्हणाली, “निकाहाच्या दिवशी पिशवी बघून मी हसले होते. म्हटलं, व्याह्यांनी सोनं द्यायचं सोडून हे काय दिलंन.”

१२ मार्च, सोमवार

पत्रे लिहिली. तीनदा फाडली. प्रत्येक वेळी कोठेतरी ‘असे वाटते’ शिरत होते. शेवटी एवढेच: ही पिशवी मला अमुक प्रसंगी मिळाली, ठसा पाहावा, वापर हिवाळ्यात झाला, एरवी पेटीत होती. शेपूट नाही.

१४ मार्च, बुधवार

बोट उद्या पहाटे सुटते. सकीनाने पिशवीतले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले, पिशवी उलटी टांगून वाळवली, आणि आपल्या ईदच्या ओढणीचा काठ फाडून त्यात गुंडाळली. मी म्हटले, नवी ओढणी होती. म्हणाली, “लेकीच्या घरी जातेय ना ती, मळक्यात कशी पाठवू?”

कोर्टात जाते आहे, हे मी सुधारले नाही.

लाख लावून पार्सल बंदरावर दिले. पावती घेतली. परतताना कादरमियाँ दारात बसलेला. “निकाल लागला काय?” नाही, म्हटले. “लागंल. इन्शाल्ला.” कवळी खिशात होती, उन्हात टोचते म्हणतो.

शमाल पुन्हा सुटला आहे. गुडघा कालपेक्षा वाईट. सकीनाने तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधून दिली. ऊब लवकर जाते. ती उठते आणि पुन्हा तापवून आणते.